शलाकाचं मलम

काष्टीच्या बाजारतळाजवळ झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या प्रणालीच्या हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. आम्हा गल्लीतल्या टवाळांनी तिचं नाव 'नकाशा' ठेवलं होतं, खोटं कशाला सांगा! भर उन्हाळ्यातही बिचारी मनगटापर्यंत बाह्यांचे कपडे घालायची. मग 'शलाका' नावाचं कॉमिक तिच्या हाती लागलं. त्यातली शलाका अंगभर कोड मिरवत गुंडांना लोळवायची. प्रणालीनं ती चित्रं आईला, भागिरथीला दाखवली आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या बाह्यांत दुकान उघडलं.

दोन वर्षांनी शलाकाची वेब सिरीज आली. मायलेकींनी एका रविवारी आठही भाग सलग बघितले. पडद्यावरच्या शलाकाच्या अंगावर एकही डाग नव्हता. प्रणालीनं मोबाईलवर तशी तक्रार लिहिली, तर चाहते तिच्यावरच तुटून पडले. "सिरीज लई भारी हाय. कातडी काय बघत बसली?"

भागिरथी मात्र हरखली होती. "पोरी, हिचं कोड पार गेलं की गं! कंचं मलम लावलं आसंल? इचार की त्यांना."



सोमवारी प्रणाली पूर्ण बाह्यांत दुकानावर आली. समोरचा चहावाला चेतन ओरडला, "काय गं, नकाशा गुंडाळून ठिवला व्हय?"

"व्हय," ती म्हणाली, आणि तिनं बाही अजून खाली ओढली.