चार नंबरचा चावा

लग्नानंतर पहिल्यांदा मामेसासऱ्यांकडे जेवायला गेलो, तेव्हा मी शेंगा चटणीचं पाकीट दातानं फाडलं. पाकीट एकदम उसवलं आणि निम्मी चटणी मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली. नव्या जावयाला हसायचं नसतं, म्हणून पंगतीतले सगळे तोंडात घास धरून गप्प बसले. मामांनी सदऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्या हातातलं फाटकं पाकीट काढून घेतलं, त्याची कड उजेडात धरली आणि म्हणाले, "जावईबापू, कडंला ही करवत कशापायी दिलीय? कारखान्यातल्या मानसानं तुमच्यासाटी येवढं केलं, आन् तुमी दात लावला."

मामा चिडले होते, पण सदऱ्यासाठी नाही. पाकिटासाठी.

घरात त्यांना सगळे सीलमामा म्हणत. माझ्या बायकोचे, सुमनचे, हे सख्खे मामा. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका गोळ्या-चॉकलेट-बबलगमच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी चार नंबरच्या पॅकिंग मशीनवर काढली. कारखाना पुढे बंद पडला, पण मामांचा अंगठा काही निवृत्त झाला नाही. चहाची पुडी असो, बिस्किटं असोत की औषधाचं पाकीट, हातात आलं की आधी नख कडेवरून फिरणार. किराणा दुकानदार त्यांना बघितलं की म्हणायचा, "आले इन्स्पेक्टर." मामा सावकाश नख फिरवायचे आणि एखादं पाकीट बाजूला ठेवायचे. "ह्यो चावा न्हाय."

हा चावा त्यांनी मला एकदा नीट समजावून सांगितला होता. "मशीनला दोन तापलेले जबडे असत्यात. मधी कड आली की चावत्यात. हरएक मशीनचा चावा येगळा, मानसाच्या दातावानी." त्यांच्या चार नंबरच्या जबड्याचा एक दात उडाला होता. त्यामुळे तिथून निघालेल्या प्रत्येक पाकिटाच्या कडेला, उभ्या रेघांच्या मधोमध, एक गुळगुळीत फट राहायची. साहेबांनी जबडा बदलायचं कधी मनावर घेतलं नाही आणि मामांनीही कधी आठवण करून दिली नाही. हजार पाकिटांतून आपलं पाकीट ओळखता येणं त्यांना पगारापेक्षा मोठं वाटत असावं.

त्यांचं एक वाक्य सगळ्या नातेवाइकांना पाठ होतं. "बंद हाय म्हंजे खरं हाय, असं न्हाय. बंद हाय म्हंजे निस्तं बंद हाय." लग्नात आहेराचं चकचकीत खोकं आलं तरी हेच, स्थळ आणणाऱ्यानं मुलाकडच्यांची फार तारीफ केली तरी हेच. सुमनच्या वेळी माझ्याबद्दलही ते हेच म्हणाले होते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

इतकं ऐकूनही मी तो डबा घेतला.

आमच्या लहानपणी बबलगमच्या पाकिटात क्रिकेटवाल्यांचे फोटो यायचे. गम कुणाला हवा असायचा? आम्ही तो वर्गात बाकाखाली चिकटवायचो आणि फोटो वहीत ठेवायचो. अख्खा संघ जमला, पण यष्टिरक्षक काही मला मिळाला नाही. पन्नाशीला आलेला, शाळेत भूगोल शिकवणारा मी, एके दिवशी मोबाइलवर त्याच गमचा जुना डबा बघतो काय, आणि पोरांच्या वह्या तपासायच्या सोडून बसतो काय. चोवीस पाकिटं, एकही न उघडलेलं. खाली लिहिलेलं, 'सोलापूर पॅकिंग'. विकणारा पुण्याचा. तो म्हणाला, "सर, उघडू नका. न उघडण्यातच किंमत आहे. दरवर्षी वाढत जाणार." मागच्या अंगणात सुमन भर उन्हात धुणं धुते, तिथे पत्र्याची शेड घालायला आम्ही पैसे ठेवले होते. त्या पैशांचा मी डबा आणला आणि कपाटात स्वेटरांच्या मागे ठेवला. सोलापुरात त्या कोपऱ्याकडे कुणी फिरकत नाही.

आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या सरांना मी तो एकदा बढाईनं दाखवला. त्यांनी तिथल्या तिथे वाढीव किमतीला मागितला. फक्त त्यांची एक अट होती: माल अस्सल आहे असं कुणी जाणकारानं सांगावं. जाणकार तर माझ्या घरातच होता. रविवारी मी डबा घेऊन शेळगीला मामांकडे गेलो.

मामांनी एकेक पाकीट घेतलं, डोळे मिटले, नख फिरवलं. मग म्हणाले, "ह्यो चावा न्हाय, लाइटची इस्त्री हाय. कॉटनवर ठिवलेली."

"मामा, सगळीच पाकिटं काही चार नंबरवर निघत नसतील."

"न्हाईच की. पर मशीन कुटलं बी असू दे, कडंला उभ्या रेघा पायजेत. हितं रेघाच न्हाईत, निस्ती दाबून चपटी केलीय." त्यांनी पाकीट कानापाशी हलवून बघितलं. "आन् समजा खरं असतं, तरी? गम लई दिस ऱ्हायला की तेल सोडतो. आतला फोटो जातो. उघडावं तर किंमत जाती, न उघडावं तर आत काय हाय कळत न्हाय. असली वस्तू मानूस घेतो कशापायी?"

मला पी.टी.च्या सरांची वाढीव किंमत दिसत होती. म्हणून मी आयुष्यातलं सगळ्यात हलकं वाक्य बोललो. "मामा, तुम्ही फक्त 'आमच्या कारखान्यातलं आहे' एवढं म्हणा. घेणाऱ्याला काही कळणार नाही."

मामांनी माझ्याकडे बघितलं. चटणीच्या दिवशी फाटक्या पाकिटाकडे बघितलं होतं तसंच. मग त्यांनी पाकिटं फाडायला घेतली, शेंगा सोलाव्यात तशी, एकामागून एक, सगळी चोवीस. प्रत्येक करवतीच्या खाचेतूनच फाडलं, त्यात मात्र कसूर नाही. आत रंगीत झेरॉक्सवर काढलेले फोटो होते. मागच्या बाजूला कुठल्याशा क्लासची जाहिरात: गणित, विज्ञान, खात्रीनं पास.

"आता द्या कुणाला द्यायचं ते," मामा म्हणाले.

मी पुण्याला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "उघडलंत? मग संपलं सर. उघडलेल्या मालाची जबाबदारी आमची नाही." मामांनी फोन घेतला. "म्हंजे तुमचा माल खरा कवर? बघंस्तवरच?" फोन कट झाला.

माझ्यासाठी प्रकरण तिथेच मिटलं होतं. फसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त हवा असतो तो अंधार. पण पुढच्याच महिन्यात सोलापुरात एका मंगल कार्यालयात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं आणि त्यात या विक्रेत्याचं टेबल होतं. मामांनी गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची इस्त्री मागून आणली, रिक्षात घातली आणि फाटकाबाहेर, मे महिन्याच्या उन्हात, पोतं अंथरून बसले. वय चौऱ्याहत्तर. मी रस्त्यापलीकडे उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभा राहिलो. लपायचं म्हणून लागोपाठ चार ग्लास प्यायलो.

मामांनी बिस्किटाचा पुडा घेतला, उघडला, बिस्किटं बघणाऱ्यांना वाटली. पुड्यात शेंगांची टरफलं भरली, कडेवर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला आणि वरून इस्त्री फिरवली. "घ्या. न उघडलेला पुडा. तीस वर्सं ठिवा, किंमत वाढंल." माणसं हसत होती, पुडा हातात घेऊन उलटसुलट बघत होती. दोघे-तिघे आत न जाताच परत फिरले. एकानं मात्र खाली वाकून हळूच विचारलं, "काका, दिवसाला अशी किती करून द्याल?" मामांनी त्याला इस्त्री दाखवली, तेव्हा तो गेला.

आयोजक आले. "आजोबा, इथे बसून विकायला परवानगी नाही."

"मी इकत कुटं काय? मी निस्तं बंद करतोय."

शेवटी तो विक्रेता स्वतः बाहेर आला. बारीक अंगाचा, गोड बोलणारा. "काका, फोनवर तुम्हीच होतात ना? कशाला उन्हात बसलाय? तुमच्या जावयांचे पैसे मी आत्ता परत करतो. एवढी इस्त्री उचला."

हे ऐकताच मी गाड्यामागून इतक्या लगबगीनं बाहेर आलो की रसवाल्याचे पैसे द्यायचे राहिले आणि तोही माझ्यामागे आला.

मामांनी विचारलं, "सगळ्यांचे देतोस?"

"सगळ्यांचे कशाला? तक्रार यांचीच आहे."

"मग ह्यांचे बी ऱ्हाऊ देत."

"मामा," मी कळवळून म्हणालो, "पत्र्याची शेड..."

मामांना फार राग आला की ते कानडीत जात. "सुम्म कूडरी," ते म्हणाले. म्हणजे गप बसा. मी पोत्यावर त्यांच्या शेजारी बसलो.

दुपारी विक्रेत्यानं टेबल आवरलं. ऊन फार आहे, गिऱ्हाईक नाही, असं तो आयोजकांना सांगत होता. मामा घाम पुसत म्हणाले, "ऊन तर माज्यावर हाय."

संध्याकाळी सुमनला सगळं सांगावंच लागलं. ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मामांना मात्र तिनं दुसऱ्याच दिवशी हुलग्याचं माडगं करून पाठवलं. पाचव्या दिवशी मामा आमच्याकडे आले, सायकलच्या कॅरिअरला मोठं भेंडोळं बांधून. कारखाना बंद पडला तेव्हा उरलेला पाकिटांचा छापील कागद, चंदेरी, त्यावर लाल-पिवळ्या गोळ्या. त्यांनी तो दुहेरी शिवून आणला होता. धुण्याच्या दगडाभोवती चार बांबू रोवून वर बांधला आणि म्हणाले, "सुमे, तुजा पत्रा मी घालवला. तवर ह्यो घे." दोन उन्हाळे आमच्या अंगणात चंदेरी सावली पडत होती. गल्लीतली पोरं आमच्या घराला गोळीवाल्याचं घर म्हणायची. तिसऱ्या उन्हाळ्यात कागदाचे तुकडे पडायला लागले, आणि त्याच उन्हाळ्यात मामा गेले.

त्यांच्या पेटीत, पगाराच्या चिठ्ठ्यांखाली, सुमनला एक बबलगमचं पाकीट सापडलं. न उघडलेलं. घरी आणल्यावर मी त्याच्या कडेवरून नख फिरवलं. उभ्या रेघा, मधोमध गुळगुळीत फट. चार नंबरचा चावा.

माझ्या डोक्यात काय आलं ते लपवून उपयोग नाही. "सुमन, हे अस्सल आहे. याच्यात खरीखुरी शेड होईल."

"अस्सल आहे हे घेणाऱ्याला कोण सांगणार?" ती म्हणाली. "तुम्ही?"

सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याला आम्ही नुकतेच पोचवून आलो होतो.

मी करवतीची खाच शोधली आणि पाकीट फाडलं. आयुष्यात पहिल्यांदा इतकं सरळ फाडलं. गमचा भुगा झाला होता. फोटोवर तेलाचा मोठा डाग होता, बरोबर तोंडावर. पायाला पॅड दिसत होते. म्हणजे फलंदाज असेल, नाहीतर माझा यष्टिरक्षकही असेल.

"गेलं," मी म्हणालो. "आता याला कुणी फुकटसुद्धा घेणार नाही."

सुमननं फोटो माझ्या हातातून घेतला, पदरानं हलकेच पुसला आणि आरशाच्या चौकटीत खोचला.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता कुणी मागायला येणार नाही."