बारशाआधीची दुरुस्ती

भावाच्या बाळाचं ऑपरेशन मंगळवारी सकाळी नऊ वाजता ठरलं होतं. बाळ सात महिन्यांचं होतं आणि त्याला कोणताही आजार नव्हता.

जन्माच्या वेळी नर्सने मुलगा की मुलगी ते सांगितलं नाही, मोठ्या डॉक्टरांना बोलावते म्हणाली. बाळाची ठेवण दोन्हींच्या मधली होती. बालरोगतज्ज्ञ बाईंनी तीन दिवसांत तपासण्या उरकल्या. लघवी नीट होते, रक्तातले क्षार ठीक आहेत, जिवाला धोका नाही. "काही मुलं अशी जन्मतात. मोठं झालं की आपलं आपण सांगेल. तोवर कापाकापी नको," असं त्या म्हणाल्या. घरात ते कोणी ऐकलं नाही. बारसं नऊ दिवसांवर आलं होतं.

वसईतल्या आमच्या वाडीत बारशाला आलेल्या बायका बाळाला उघडं करून पाहिल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. तेव्हा बारसं टाळणं आलं. काकांनी डहाणूकडच्या एका चुलत आजोबांना मृत घोषित केलं आणि घराला सुतक लागलं. तीन आठवड्यांनी आजोबांचाच फोन आला. "बारसं उरकलंत की काय? आमंत्रण नाही आलं." त्यांना मुहूर्त नसल्याचं सांगण्यात आलं.

पुढे काही महिन्यांनी काकांनी नालासोपाऱ्यात एक सर्जन शोधले. सर्जन म्हणाले, छोटीशी दुरुस्ती आहे, मुलगी करणं सोपं जाईल, आणि आत्ता केलं की बाळाला आठवणार नाही. पुढे न आठवणं ही बाळाची संमती धरण्यात आली.

त्याच आठवड्यात काकांनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला होता. दुसऱ्या एका समाजात प्रथेच्या नावाखाली लहान मुलींना कापतात, हे रानटी आहे, कायद्याने बंद करा, वगैरे. खाली नातेवाइकांचे हात जोडलेले. रविवारी ते घरी आले तेव्हा मी विचारलं, "काका, आपलं वेगळं कसं?"

"आपलं डॉक्टर करतात."

"त्यांचंही काही ठिकाणी डॉक्टरच करतात."

"पेपरात काम करून तुला जिथंतिथं बातमीच दिसते," काका म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला.

सोमवारी दुपारी आम्ही दवाखान्यात गेलो. संमतीपत्रावर आईवडील दोघांच्या सह्या लागत होत्या. दादाने न वाचता सही केली. वहिनी सातिवलीच्या एका कारखान्यात माल तपासते, खोका उघडून पाहिल्याशिवाय शिक्का मारत नाही. तिने चारही पानं वाचली.

"यात धोके लिहिलेत," ती सर्जनना म्हणाली. "संवेदना कमी होऊ शकते, पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. फायदा कुठल्या पानावर आहे?"

"फायदा सामाजिक असतो, मॅडम."

"बाळाला काय मिळणार?"

"तसं थेट नाही. कुटुंबाची चिंता मिटते."

"मग कुटुंबालाच घ्या की टेबलावर. काका रिकामेच आहेत."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. आई हळूच म्हणाली, "अगं, चार दिवस दुखेल, मग विसरेल ते."

"तुम्ही विसराल, आई."

दादा म्हणाला, "सगळ्यांसमोर तमाशा नको. सही कर, घरी जाऊन बोलू."

"घरी जाऊन बोलू, मग सही बघू," वहिनी म्हणाली. तिने कागद टेबलावर ठेवले आणि बाळाला घेऊन ती रिक्षा स्टँडकडे चालू लागली. दादा तिच्यामागे गेला. काका, आई आणि मी दुसऱ्या रिक्षाने आलो.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता त्या टेबलावर हर्नियाचा एक रुग्ण होता. बालरोगतज्ज्ञ बाई दर सहा महिन्यांनी बाळाला तपासतात. ते आता चार वर्षांचं आहे. ऑपरेशन झालेलं नाही.