कँटीनमागच्या बागेचा मालक

"हात बघू."

राम राम नाही, कसा आहेस नाही. आमच्या चाकणच्या कंपनीत कँटीनच्या खिडकीशी ताट पुढं केलं की आत्या आधी एवढंच म्हणायची. मग पळी खाली ठेवायची, तुमचा पंजा उलटासुलटा करायची, नाकाशी न्यायची आणि निकाल द्यायची: "ग्राइंडिंग. दुसरी शिफ्ट. आन् परवापास्नं बायकूशी बोलला न्हाईस."

मागं दीडशे माणसं ताटं वाजवत उभी. पण हात वाचून झाल्याशिवाय भाजी नाही म्हणजे नाही.

ती शेजारच्याच गावची लेक. तरुणपणीच माहेरी परतलेली, म्हणून अख्ख्या गावाची आत्या. गावातली पोरं कंपनीत लागली ती ही हाक घेऊनच, आणि बघता बघता बीडचे, लातूरचे, रत्नागिरीचे आम्ही सगळे तिचे भाचे झालो. प्लँट हेडसुद्धा. त्याला माहीत नव्हतं, इतकंच.

ग्राइंडिंगवर दिवसभर मशीन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या पाण्यात हात. पहिल्या थंडीत माझ्या तळव्यांना अशा भेगा पडल्या की एकीत दहा मिलिमीटरचा स्पॅनर हरवला. हसू नका, दुसऱ्या दिवशी सापडला. पण हजेरीचं मशीन काही माझा अंगठा ओळखेना. चार दिवस मी कामावर होतो आणि कंपनीच्या मते नव्हतो.

आत्यानं हात बघितला. जाताना जुन्या लोणच्याच्या बाटलीतून बोटभर मलम दिलं. "रातच्याला लाव. मोजे घाल हातात. लाजू नगंस."

आठव्या दिवशी मशीननं मला पहिल्या दणक्यात ओळखलं. खुद्द माझ्या सासऱ्यानं इतक्या लवकर ओळखलं नव्हतं.

हे सगळं उगवायचं कँटीनच्या मागं. भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये दोन माणसं आडवी होतील एवढी पट्टी. फुटक्या हेल्मेटांत पुदिना, मोडक्या क्रेटमध्ये गवती चहा, धुऊन घेतलेल्या डब्यांत कोरफड, आणि कोपऱ्यात कडुलिंब. मातीला रोज चहाचा चोथा आणि भाजीची देठं. ती माती अशी की चुकून नट पडला तर आठवड्यात बोल्ट उगवेल. हिवाळ्यात तिळाच्या तेलात मेण विरघळवून मलम. उन्हाळ्यात मानेवरच्या घामोळ्यांना कोरफड. पावसाळ्यात सेफ्टी शूजमधल्या चिखल्यांना कडुलिंबाचं पाणी. दिवाळीआधी संत्र्याच्या साली, मसूरडाळ, कचोरा, नागरमोथा कुटून उटणं. झाडांवर मावा कीड पडली की लसूण-मिरचीची फवारणी. तो मावा असा पळाला, असा पळाला, की शेजारच्या कंपनीच्या लॉनवर राहायला गेला आणि तिथंच त्याची नातवंडं झाली.

आणि मग नवे साहेब आले.

परदेशी गिऱ्हाइकाची पाहणी जवळ आली होती. तुम्ही कारखान्यात असाल तर नियम ठाऊक असेल: ज्या वस्तूला मालक नाही तिला लाल चिठ्ठी. आठ दिवसांत मालकाच्या रकान्यात सही झाली नाही, तर वस्तू भंगारात. साहेबांनी मशीनांच्या शॉपमध्ये सतरा चिठ्ठ्या लावल्या, आणि अठरावी कोरफडीच्या डब्याला.

"ह्या सगळ्याचा मालक कोण?"

"मी हाय की," आत्या म्हणाली.

"तुम्ही कंत्राटी, मावशी. इथं कंपनीचा माणूस लागतो. आणि पाहणीत विचारलं तर त्याला सगळं सांगता आलं पाहिजे."

आम्ही बघत होतो. सगळ्या कंपनीचे हात हातात घेणाऱ्या त्या बाईनं स्वतःचे दोन्ही हात पदराखाली घेतले. तसं तिला मी कधी पाहिलं नव्हतं. माझं तोंड नेहमीप्रमाणे माझ्याआधी बोललं.

"मी मालक!"

अख्खं कँटीन हसलं. सगळ्यांत मोठ्यानं आत्या. "तू? दिलेली तुळस वाळवलीस की रं मुडद्या!"

"आठ दिवस आहेत ना? शिकव."

शिकवलं. पोलिसात भरती सोपी. जेवणाच्या सुट्टीत अर्धं ताट टाकून मी कोरफड कापायचो. पहिल्याच दिवशी शहाणपणा केला: पान कापलं आणि गर थेट गालाला. दुपारभर मशीनवर असा खाजवत होतो की सुपरवायझरला वाटलं, नाचतोय.

"पान आधी उभं ठिव. पिवळा चीक गळू दे. मग गर," आत्या म्हणाली. "घाई झाडाला न्हाई, तुला हाय."

तिसऱ्या दिवशी मिरचीचं पाणी वाऱ्याच्या तोंडावर फवारलं. कँटीनमधली सगळी शिफ्ट शिंकली. मालकाविरुद्ध पहिली तक्रार युनियनकडं गेली. पण सातव्या दिवशी चार वाट्या तेलाला एक वाटी मेण, मंद आचेवर, न करपवता मी जमवलं. आत्यानं ते नखावर घेतलं, मनगटाला चोळलं. "चालंल," म्हणाली. आकुर्डीच्या कॉलेजात डिप्लोमा मिळाला तेव्हा माझी छाती एवढी फुगली नव्हती.

पाहणीचा दिवस. उंच, गोरे पाहुणे, सोबत आमचे साहेब, अर्थ सांगायला. पाहुणे बाटलीकडं बोट दाखवून म्हणाले, हे काय करतं?

बस. माझ्यातला मी जागा झाला.

"साहेब, हे मलम म्हणजे! एका माणसाचं बोट गेलं होतं. हे लावलं, आणि महिन्यात नवीन..."

"खोटं हाय, साहेब."

आत्या. हातात पळी तशीच. "बोटबिट काय येत न्हाई. भेगा भरत्यात. तेवढंच."

साहेबांचा चेहरा फळ्यासारखा कोरा. आता गेली बाग, मी म्हटलं, आणि माझ्याच जिभेपायी गेली. पण पाहुण्यांनी माझ्याकडं पाठ केली आणि तिला विचारलं, किती दिवस टिकतं?

"तेलामेणाचं सहा म्हयनं. कोरफडीचं त्याच दिशी लावायचं, उरलं तर झाडाला."

कुणाला लावायचं नाही?

"हात चिघळला आसंल, पू आला आसंल, त्याला न्हाई. त्याला म्या दवाखान्यात धाडते. न्हाई गेला तर जेवाण बंद."

पाहुण्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग आमच्या साहेबांना हळू काहीतरी म्हणाले. ते काय, हे साहेबांनी नंतर स्वतःच सांगितलं, मान खाली घालून: आज एवढं नेमकं उत्तर अख्ख्या प्लँटमध्ये कुणी दिलं नाही.

लाल चिठ्ठी निघाली. मालक म्हणून माझं नाव चढलं, नियम तो नियम. खाली साहेबांनी आपल्या पेनानं लिहिलं: 'माहितीसाठी: आत्या'. त्या दिवशी कँटीनमध्ये भाजीला मीठ नव्हतं. तरी आम्ही सगळे दोनदा जेवलो.

पुढं आत्याचे गुडघे तिला उभं राहू देईनासे झाले, तेव्हा राजगुरुनगरला दिलेली तिची लेक न्यायला आली. जाताना आत्यानं एकच मागितलं, कोरफडीचा एक डबा. आता कंपनीतून खिळासुद्धा बाहेर जायचा तर गेटपास लागतो, आणि त्यावर सही मालकाची. तिनं लावलेलं, तिनं वाढवलेलं रोप तिलाच न्यायला माझी सही! पेन धरताना मला स्वतःची लाज वाटली.

पासवर दोन चौकोन असतात: वस्तू परत येणार, की येणार नाही. आत्या रिक्षात बसली होती, डबा मांडीवर. मी तिच्याकडं बघितलं आणि पहिल्या चौकोनात खूण केली: परत येणार.

दर महिन्याला गेटवरचा रखवालदार वही उघडून मला अडवतो. "भाऊ, तुमचा एक डबा थकलाय. कधी येतोय?"

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, पण दर महिन्याला तीच मारतो अशी ही एकच.

"येईल," मी सांगतो. "पुढच्या महिन्यात."