घटनेवर बोला, वकीलबाई!

हसणार नसाल तरच सांगते. बघा, आत्ताच हसायला लागलात! बरं, हसा. वकील म्हणून कोल्हापुरात माझी जी काही अब्रू आहे, तिचं शिरोळमध्ये काय झालं ते ऐकाच.

त्याच्या आदल्या आठवड्यात शिरोळमध्येच मी एक पराक्रम केला होता. उसानं भरलेला ट्रॅक्टर उतारावर लावून ड्रायव्हर चहाला गेला, आणि ट्रॅक्टर निघाला की आपला आपण! मी पदर खोचला, उडी मारून वर चढले आणि ब्रेकवर उभीच राहिले! चहाच्या टपरीची चौकट तेवढी वाकली, पण आतली माणसं वाचली. सगळं गाव बघत होतं!

आणि मग तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन. "मॅडम, सव्वीस नोव्हेंबरला याल का? घटनेवर बोलायचं. मुलांना कळायला पाहिजे."

घटनेवर! म्हणजे माझा सत्कारच की हो! तारीख ऐकूनही डोक्यात उजेड पडला नाही. सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं, वर म्हणाल्या, "मी बी येतो! सुनेचा फोटो काढाय नको व्हय?"

शाळेत लेझीम काय, हार काय! मागच्या फळ्याकडं बघायला सवड कुणाला? सरपंचांनी ओळख करून दिली, "मॅडमचा घटनेचा अभ्यास लई दांडगा हाय!"

मी उठले. "मुलांनो, मीच सांगत बसण्यापेक्षा तुम्हीच विचारा!"

नववीतली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, घटना तयार व्हायला किती वेळ लागला?"

"वेळ? डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं झालं!"

"घटनेत कलमं किती?"

"एकही नाही! पोलीसच आले नाहीत, तर कलम लावणार कोण?"

मुख्याध्यापिका खोकल्या. मला वाटलं, ठसका लागला.

"घटनेची चौकट बदलता येते का?"

"बदलायची कशाला? ठोकून सरळ केली की!"

"मग घटनादुरुस्ती कोण करतं?"

"गॅरेजवाला!"

सरपंचांनी टोपी काढून घाम पुसला. आणि त्या पोरीनं शेवटचा प्रश्न टाकला, "मॅडम, घटनेचे शिल्पकार कोण?"

मी लाजले. खरंच लाजले हो! पदर सारखा केला आणि म्हणाले, "आता माझं मीच कसं सांगू गं!"

टाळ्या वाजल्या त्या एकट्या सासूबाईंच्या.

मुख्याध्यापिका कानाशी आल्या. "मॅडम, घटना म्हणजे... राज्यघटना. आज संविधान दिन आहे."

मागं वळले. फळ्यावर रंगीत खडूनं हातहातभर अक्षरं, 'संविधान दिन'!

मग काय विचारता! कायदे संसद करते, सरकार राबवतं, ते घटनेत बसतात का हे न्यायालय तपासतं, आणि घटनादुरुस्ती संसदच करते, गॅरेजवाला नव्हे, हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं. तो ट्रॅक्टरसुद्धा एवढ्या जोरात सुटला नव्हता!

हार काखेत मारून सटकणार, तेवढ्यात पटकेवाले एक आजोबा आडवे आले. "वकीलबाई, बरं झालं बघा आलो ते. बांधाच्या भांडणासाठी वकील हुडकत हुतो."

माझा जीव भांड्यात पडला. चला, काहीतरी पदरात पडतंय!

"मग काय ठरवलं, आजोबा?"

"ठरलंच की! तुमचं नाव खोडलं, आता एक वकील कमी हुडकायचा!"