गप्प बसलेल्याला मेलेला धरू नका

इंजिनियरनं माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि त्याच हातात पोह्यांची बशी दिली.

"आजोबांना आधी नाष्टा करू द्या."

सगळी सभा हसली. इंदापुरात पाणी वापर संस्थेची सभा होती. हसणाऱ्यांत आमच्या सांगवीची माणसं होती. ते जास्त लागलं.

मी उभी हयात पाटकरी म्हणून, पाटाचं पाणी पाळीनं सोडण्यात काढली. शाळा चौथीपर्यंत. सही येते. त्या सहीसाठीच मला बोलावलं होतं. कालव्यातनं निघालेल्या आमच्या चारीला पाणी सोडायची सात दारं. आता प्रत्येक दाराला मोटर बसवली, एक पेटी बसवली. पेट्या फोनच्या रेंजवर एकमेकींशी बोलणार आणि पाळीनं दारं उघडणार. माणूस नको. जुन्या पाटकऱ्यानं 'बघितलं, बरोबर आहे' असं सही करून दिलं की सगळा कारभार पेट्यांच्या हवाली. शाल आधीच घातली होती मला.

मी एवढंच विचारलं होतं, "वरची पेटी बोललीच न्हाय तर खालची काय करती?"

पेट्या बसवणाऱ्या कंपनीचा तोच इंजिनियर म्हणाला, "दहा मिनिटं थांबते. मग वरचं दार बंद झालं असं समजून आपलं उघडते."

"म्हंजे गप बसल्याला मेला धरता तुमी?"

"आजोबा, हे चिखलातलं काम नाही. पेटीच्या आतलं सगळं जाणकारांनी लिहिलंय."

"दावा मग आतलं."

"ते कंपनीचं आहे. दाखवता येत नाही."

मग माईक गेला, बशी आली. आणि मी पोहे खाल्ले. लिहायला लाज वाटते, पण खाल्ले. उठून जायचं तर सगळ्यांच्या पायांवरून जावं लागलं असतं. अध्यक्ष कानाशी आले, "तात्या, तेवढी सही." मी म्हणालो, चष्मा घरी राहिला. खोटं. चष्मा खिशात होता.

दोन दिवस मी घरात कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सुनेनं विचारलं. रेश्मा तिचं नाव. कॉम्प्युटरची नोकरी, घरात बसून करते.

तिला आमची जुनी रीत सांगितली. सात दारांना मिळून लोखंडी हँडल एकच. दार पुरतं खाली बसल्याशिवाय ते खाचेतनं निघायचंच नाही. ज्याच्या हातात हँडल, त्याची पाळी; एकाची पाळी संपली की ते घेऊन पुढच्याला द्यायचं काम माझं. दोन दारं एकदम उघडली की पाणी वाटलं जातं, आणि टेलला, म्हणजे चारीच्या शेवटाला, ओल पण पोचत नाही. तसं होऊच नये म्हणून ती खाच. मग त्या दहा मिनिटांचं सांगितलं. वाटलं, हीसुद्धा हसणार.

तिनं लॅपटॉप पुढं ओढला. "तात्या, ह्यासाठी एक भाषा आहे. ह्यात यंत्र बनवायचं नसतं. खूप यंत्रं मिळून काम करतात तेव्हा त्यांनी कसं वागायचं, ते आधी लिहायचं. मग कॉम्प्युटर त्यात खोड्या काढतो. निरोप उशिरा आला, हरवला, पेटी मधेच बंद पडली. जेवढ्या तऱ्हा, तेवढ्या सगळ्या करून बघतो."

"कुणाची ही भाषा?"

"कुणाच्याच मालकीची नाही. फुकट आहे, आतलं सगळं उघडं आहे. कुणीही वाचावं, चूक दाखवावी. आता मला सांगा, काय कधीच होऊ नये?"

साहेब लोकांनी जन्मभर 'हे कर, ते कर' सांगितलं. हे कुणीच विचारलं नव्हतं.

"दोन दारं एकदम उघडी नकोत."

"आणि काय झालंच पाहिजे?"

"टेलला पाणी पोचलंच पायजे. आज न्हाय तर चार दिसांनी. पर पोचलंच पायजे."

तिनं लिहिलं. थोड्या वेळात पडद्यावर ओळी आल्या. तिनं त्या मराठीत करून कागदावर उतरवल्या. मी बोट ठेवून वाचल्या. तिसरं दार उघडं. तिसऱ्या पेटीची रेंज गेली. चौथीनं विचारलं. दहा मिनिटं उत्तर नाही. चौथं दार उघडलं. दोन उघडी.

माझी छाती फुगली. "आता माझं हँडल घाल त्यात," म्हणालो.

घातलं. दोन दारं एकदम उघडी? नाही. कधीच नाही. मी मिशीवर हात फिरवला. मग रेश्मा थांबली.

"तात्या, दुसरं मोडतंय. हँडल एकाकडं आहे. तो पुढं देतच नाही. टेल कोरडी."

"असं कोण करंल?" मी ओरडलो.

ती चहाचा कप उचलून आत गेली.

असं मीच केलं होतं. टेलच्या वस्तीवर मालन म्हणून बाई आहे. चारीवर, चार माणसांत, ती मला म्हणाली होती, "पाटकरी म्हंजे मालक न्हवं." पाण्याच्या त्या आवर्तनात मी हँडल घरात खुंटीला टांगलं आणि तापाचं सोंग केलं. वरच्यांचं भागलं होतं, कुणी बोललं नाही. मालनचा भुईमूग जागेवर वाळला. ती दारात आली तेव्हा मी म्हणालो, "पाळी आली की मिळंल. बस, च्या घे." तिनं चहाला हात लावला नाही. उठून गेली. माझ्यासारखी खात बसली नाही.

ते पोहे मला तेव्हा कळले. तो इंजिनियर माझ्याहून वेगळा नव्हता. मी त्याच्याहून वेगळा नव्हतो.

पुढच्या सभेत मी उभा राहिलो. माईक घेतलाच नाही. कागदावरच्या ओळी मोठ्यानं वाचल्या.

इंजिनियर म्हणाला, "रेंज जाण्याची शक्यता फार कमी आहे."

मागून कुणीतरी ओरडलं, "सायेब, टेलला या एकदा. लिंबाच्या झाडावर चढून फोन लावतो आमी!"

हसले लोक. अध्यक्षांना राग आला. "तात्या, आडवं लावू नका. शाल घेतलीय तुमी."

"शाल घ्या माघारी. सही न्हाय मिळायची."

आणि मग, न ठरवता, हँडलचंही सांगितलं. खुंटीचं, तापाचं, मालनच्या भुईमुगाचं. कुणी हसलं नाही. सांगवीच्या माणसांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. येताना एसटीत शेजारी कुणी बसलं नाही.

अध्यक्ष आता दुसरा जुना पाटकरी शोधतायत. सापडंलही. मग मी दारावर आडवा उभा राहीन.

उद्या मी मालनच्या वस्तीवर जाणार आहे. रेश्मा सोबत येते म्हणाली, मी नको म्हणालो. मालन माफ करणार नाही, आणि मी माफी मागून सुटणारही नाही. तिला विचारणार, तुझ्या रानाबाबत काय कधीच होऊ नये ते सांग. ती सांगेल ते शिव्यांसकट लिहून आणणार. ते त्या उघड्या भाषेत उतरवून टेलच्या माणसांसमोर तपासल्याशिवाय या चारीवर एकही पेटी मी चालू होऊ देणार नाही.