पुसणाऱ्याचं नाव

काळाचौकीच्या एका चाळीत जिन्याखाली एक फळा आहे, आणि त्या फळ्यावर चाळीस वर्षं दत्तारामकाकांचं राज्य आहे. गिरणी बंद पडली, फळा चालू राहिला. राज्याची घटना एका कलमाची: लिहिणाऱ्याने खाली नाव घालायचं, पुसणाऱ्याने नाव आणि कारण. राजालाही सूट नाही. त्यांच्या बायकोने, सुभद्राकाकूंनी एकदा लिहिलं, 'आमचे हे नळावर दोन बादल्या जास्त भरतात.' काकांनी ते पुसलं आणि खाली लिहिलं, 'पुसणार: दत्ताराम. कारण: खरं आहे.'

यंदा एका रविवारी पुनर्विकासाची सभा ठरली. निम्मी चाळ आता विरार-डोंबिवलीला. ती आली नाही तर सभा बारगळणार आणि बिल्डर मनासारखा करार रेटणार. म्हणून काकांची नात आकांक्षा हिने चाळीच्या ऑनलाइन पानावर सूचना टाकली. दुसऱ्या दिवशी सूचना गायब! 'नियमांत बसत नाही,' एवढंच कंपनीचं उत्तर.

जिन्यावर लगेच दोन पक्ष पडले.

"परदेशी कंपनी कोण आपल्याला गप्प करणारी? देश आपला, कायदा आपला पाहिजे!" अभय गरजला.

"आणि उद्या सरकारनेच पुसलं, तर कुणाकडे जाशील?" धम्मपालने विचारलं.

काका खडू झटकत म्हणाले, "कोणीही पुसा रे. पण नाव घालून पुसा. निनावी पुसतो तो चोर!"

आणि फोन नंबरांची जुनी वही काढून ते बाहेर गेलेल्यांना फोन लावत बसले. तीन दिवसांत एकशे बारा घरं. शेवटी घसा इतका बसला की काकूंकडे चहासुद्धा फळ्यावर लिहून मागायची वेळ आली.

शनिवारी तिसऱ्या मजल्यावरचा दीपक खाली मान घालून आला. "काका, त्या सूचनेवरचं तक्रारीचं बटण मी दाबलेलं. रविवारी माझी ड्युटी, म्हटलं तारीख बदलाल. वाटलं, तक्रार तुमच्याकडेच येईल."

"अरे येड्या," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर यायला तक्रार अमेरिकेला कशाला जाईल?" आणि त्यांनी खडू पुढे केला.

दीपकने लिहिलं, 'पुसणार: दीपक. कारण: ड्युटी.'

काकांनी खाली जोडलं, 'याने नुसती तक्रार केली. खरा पुसणारा अजून सापडलेला नाही.'

रविवारी पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ड्युटी बदलून आलेला दीपक खुर्च्या मांडत होता. वाचल्याशिवाय करारावर कुणी सही करायची नाही, असं एकमताने ठरलं.

काकांची ती ओळ अजून फळ्यावर आहे. नाव कळल्याशिवाय ते ती पुसायचे नाहीत. आणि पुसतील तेव्हा खाली त्यांचं नाव असेल.