रॅम्पवरची चाळीस मिनिटं

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तिला सगळ्या 'सायन्स' म्हणायच्या. "ए सायन्स, तिसऱ्या वॉर्डाच्या चादरी आल्या का गं?" तिथल्या अकरा बायकांत विज्ञान शाखेत कॉलेजचं एक वर्ष काढलेली ती एकटीच, एवढंच त्याचं कारण. दुसऱ्या वर्षाची पुस्तकं हातात पडायच्या आधी वडिलांनी स्थळ पक्कं केलं. "भावाचं शिक्षण व्हायचंय अजून, तुझं पुरे झालं," एवढ्यावर विषय संपला. नवरा याच हॉस्पिटलात लिफ्टमन. लग्नानंतर दोन वर्षांनी तिलाही धुलाईखान्यात चिकटवून घेतलं, आणि ती चिकटली ती चिकटलीच.

माझी तिची ओळख माझ्या वडिलांमुळे झाली. पुढचं सगळं मी थोडं डोळ्यांनी पाहिलं, बाकीचं तिच्याकडून आणि तिच्या नवऱ्याकडून ऐकलं.

हॉस्पिटलच्या मागे नोकरांच्या खोल्या आहेत. त्यातली एक हिच्या नावावर. नवरा कंत्राटावर, त्यामुळे नोकरी हिची गेली तर डोक्यावरचं छप्परही जाणार. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि खिडकी उघडली की हातभर अंतरावर बॉयलरची भिंत. खोलीत सासूची खाट. सासू चार वर्षं अंथरुणाला खिळलेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवावं लागे. ही कामावरून धावत यायची, वळवायची, धावत जायची. मुलगी लग्न होऊन शेजारच्या गावी गेली होती. तिने बाळाच्या बारशाला बोलावलं तेव्हाही ही सकाळी जाऊन दुपारी परत आली. "मला ना, दोन तासांच्या दोरीने बांधलंय," ती म्हणायची आणि हसायची. त्या हसण्यात तक्रार नव्हती, पण हसूही फारसं नव्हतं.

त्या दिवसांत लिफ्ट पाच आठवडे बंद होती. कुठलासा भाग यायचा होता. नवऱ्याने ती संधी साधून हर्नियाचं ऑपरेशन उरकून घेतलं. पण वॉर्डांतल्या मळक्या चादरी काही लिफ्टसाठी थांबणार नव्हत्या. त्या आता रॅम्पवरून तळमजल्यात न्यायच्या. रॅम्पला मध्ये एक वळण, आणि वळणानंतरचा उतार थेट एक्स-रे विभागासमोरच्या बाकांपाशी संपायचा.

ट्रॉली म्हणजे छातीइतका उंच लोखंडी पिंजरा, खाली चार चाकं. ब्रेकचा पेडल केव्हाच तुटला होता. तक्रारवहीत हिने तीनदा लिहिलं होतं. ट्रॉली उतरवायला दोघी लागतात, एक पुढे, एक मागे. त्या दिवशी जोडीदारीण रजेवर होती.

मुकादम म्हणाला, "माणूस नाही माझ्याकडे. हळूहळू ने. तू तर सायन्स, तुला काय सांगायचं!"

ही पुढे राहिली. पाठ उताराकडे, दोन्ही हात पिंजऱ्यावर, एकेक पाऊल मागे टाकत. वळण नीट पार पडलं. दुसऱ्या उताराच्या मध्यावर पुढच्या चाकाचं रबर निघालं, चाक तिरकं झालं आणि ट्रॉली भिंतीकडे वळली. भिंतीला लोखंडी कठडा. कठडा आणि ट्रॉलीचा कोपरा यांच्यात हिची डावी कंबर सापडली आणि डाव्या हाताचा अंगठा. ट्रॉली थांबली. खरं म्हणजे ती हिच्यावर टेकली.

तिने अंग थोडं सैल करून पाहिलं. ट्रॉली चार बोटं पुढे आली आणि पुन्हा कंबरेवर बसली. तेव्हा तिला कळून चुकलं. अंग चोरून निसटता आलं असतं, पण ही निसटली की ट्रॉलीही सुटणार.

खाली, उताराच्या बरोबर समोर, स्ट्रेचरवर माझे वडील होते. मांडीचं हाड मोडलेलं. मी फॉर्मवर शिक्का आणायला दुसऱ्या इमारतीत गेलो होतो.

"बाजूला व्हा सगळे! ट्रॉली सुटेल!" ती ओरडली.

बाकांवरच्या लोकांनी वर पाहिलं. एक बाई म्हणाली, "उठलो आणि नंबर गेला म्हणजे?" आतून एक्स-रेवाला डोकावला. "आरडाओरडा कशाला करता? पेशंट आहेत इथे."

"अहो, ही माझ्या अंगावर अडलीय! मुकादमांना फोन करा!"

तो फोन करायला आत गेला. फोन लागेना. बाकीचे एकेक करून भिंतीला लागले. गळ्यात हात बांधलेले एक मास्तर होते. ते वर गेले आणि धड हाताने त्यांनी ट्रॉली रेटून पाहिली, ती तसूभर हलली नाही. एक्स-रेच्या रांगेत धडधाकट माणूस असणार कुठून? धडधाकट होते ते माझ्यासारखे, कुठल्या ना कुठल्या खिडकीपाशी उभे. मास्तरांनी मग खाली येऊन वडिलांचं स्ट्रेचर हलवायचा प्रयत्न केला. त्याचा ब्रेक मी जाताना इतका दाबून गेलो होतो की तो कुणाला सुटेना. ही गोष्ट मला अजून टोचते.

दहा मिनिटं गेली. तिच्या उजव्या मांडीला कापरं भरलं. नंतर तिने मला सांगितलं, "भीती वाटायला हवी होती, पण डोक्यात आधी गणित आलं. पिंजरा ऐंशी किलो. तीन वॉर्डांच्या चादरी, ओल्या, घाणीच्या, दोनशे तरी. इथून सुटली तर खाली पोचेपर्यंत धावत्या माणसाचा वेग घेणार. तेवढं वजन, तेवढा वेग. तो सगळा संवेग स्ट्रेचरवर एका क्षणात रिकामा होणार."

तेवढ्यात वरून नवरा आला. आवाज ऐकून तो खोलीतून तसाच निघाला होता. त्याने मागचा दांडा धरला.

"हात लावू नका!" ती ओरडली. "टाके कच्चे आहेत तुमचे."

"मग काय बघत बसू?"

"चादरी काढा."

"काय?"

"चादरी काढा एकेक, आणि माझ्यावरून खाली फेका. हिचं वजन कमी होईल, आणि खाली थर साचेल."

"अगं पण घाणीच्या चादरी..."

"अहो, फेका!"

पंचवीस वर्षांत ती त्याच्याशी या आवाजात बोलली नव्हती. तो चादरी काढू लागला. एक हात पोटावर, एका हाताने चादर. हिच्या डोक्यावरून, खांद्यावरून त्या खाली जाऊ लागल्या. औषधाचा, घामाचा, आणखी कशाकशाचा वास. एक ओली चादर तिच्या तोंडावरच बसली. दोन्ही हात अडकलेले, ती मान झटकून काढावी लागली.

एक्स-रेवाला बाहेर आला आणि हादरलाच. "अहो, हे काय चाललंय? संसर्गाच्या चादरी पेशंटच्या मजल्यावर? याला परवानगी नाही!"

माझे वडील स्ट्रेचरवरून म्हणाले, "साहेब, अंगावर ट्रॉली येण्यापेक्षा चादरी बऱ्या. चालू द्या."

मास्तर खाली ढीग रचायला लागले. हिने वरून सांगितलं, "उंच नको, लांब करा! स्ट्रेचरपर्यंत पसरा! ट्रॉली एकदम अडता कामा नये, रुतत रुतत थांबली पाहिजे!"

ट्रॉली निम्म्याहून जास्त रिकामी झाली. कंबरेवरचा भार कमी होत होता, पण पाय आता तिचा राहिला नव्हता. चादरींचं पाणी ठिबकून रॅम्प निसरडा झाला होता. नवरा म्हणाला, "अजून थोडा दम धर, थोड्याच राहिल्यात." आणि तिचा पाय सरकला.

अंगठा सोलून निघाला. ती कठड्याशी कोसळली आणि ट्रॉली सुटली. पहिल्या चादरींवर चढली, तिरक्या चाकाने पुढच्या गोळा करत गेली. चाकांपुढे चादरींचा फुगवटा वाढत गेला, वेग उतरत गेला, आणि स्ट्रेचरपासून दोन हातांवर ती उभी राहिली.

मी शिक्का मारलेला फॉर्म घेऊन पोचलो तो याच वेळी. जमिनीवर चादरींचा गालिचा, मध्ये वाकडी ट्रॉली, आणि वडील छताकडे बघत खदाखदा हसताहेत. ते भीतीचं हसू होतं.

ती रॅम्पवर बसूनच होती. तिने पहिला प्रश्न विचारला, "किती वाजले?" पाऊण वाजला होता. सासूला वळवायची वेळ टळून गेली होती. नवरा पोट धरून तसाच खोलीकडे पळाला.

तिच्या अंगठ्याचं आणि कंबरेचं चित्र काढायला हवं होतं. एक्स-रेवाला म्हणाला, "फॉर्म आणा, नंबर घ्या." तिने नंबर घेतला. आमच्या मागे चौदावा. अंगठ्याच्या हाडाला चीर निघाली. कंबर महिनाभर काळीनिळी होती.

चौथ्या दिवशी मेमो आला. संसर्गजन्य कपडे रुग्णांच्या वावराच्या जागी टाकल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा सेवेबाबत निर्णय घेण्यात येईल.

तिने खुलासा लिहायला घेतला. दोन रात्री सासूच्या खाटेशी बसून तिने तीन पानं लिहिली. संवेग म्हणजे काय, तो वजन आणि वेग दोन्हींनी कसा वाढतो, तेवढाच संवेग थांबवायला वेळ कमी मिळाला तर जोर किती पट होतो. आकडेही घातले. नवऱ्याने विचारलं, "हे काय आहे?"

ती म्हणाली, "भिंतीने थांबवली तर सगळा धक्का एकदम. चादरींनी थांबवली तर तोच धक्का हप्त्याहप्त्याने. एकूण तेवढाच, पण माणूस वाचतो."

त्याने तिन्ही पानं उलटून पाहिली. मग म्हणाला, "हे तुला तेव्हापासून येत होतं?"

"येत होतं."

"मला कधी बोलली नाहीस."

"कधी सांगणार? आणि कशाला?"

तो वळून आईच्या अंगावरचं पांघरूण नीट करू लागला.

हेडक्लार्कने तीन पानं न वाचता परत केली. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, यात ब्रेक तुटल्याचं लिहिलंय, माणूस दिला नाही असं लिहिलंय. हे वर गेलं तर चौकशी लागेल. चौकशी संपेपर्यंत तुम्ही घरी, आणि घर तर आमचं. दोन ओळी लिहा. चूक झाली, क्षमा असावी."

तिने त्याच टेबलावर, त्याच्याच पेनाने दोन ओळी लिहिल्या. "सही करताना अंगठा नाही दुखला," ती मला म्हणाली, "तो डाव्या हाताचा. दुसरंच काहीतरी दुखलं, पण त्याचा एक्स-रे निघत नाही."

तीन महिन्यांनी वडिलांना तपासायला नेलं तेव्हा ती रॅम्पवर भेटली. लिफ्ट चालू झाली होती, पण आता ती फक्त रुग्णांसाठी, चादरी कायमच्या रॅम्पवरून. ट्रॉलीला नवा पेडल बसला होता. भिंतीवर सूचना चिकटवलेली: ट्रॉली दोन कर्मचाऱ्यांनीच न्यावी, प्रत्येक फेरीला नोंदवहीत दोघांच्या सह्या असाव्यात. ती एकटीच होती. जोडीदारीण वॉर्डात बदलून गेली, तिच्या जागी कोणी आलं नव्हतं.

वडिलांनी विचारलं, "मग दुसरी सही कोण करतं?"

तिने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मीच. डाव्या हाताने."

वडील हसले, मग त्यांना हसू आवरावंसं वाटलं. काठी टेकत ते कठड्याला लागून उभे राहिले, तिला वाट देण्यासाठी. तिने पेडल उचलला, मागचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि भार मागे तोलत, इंच इंच, ट्रॉली खाली सोडू लागली.